शनिवारची तपासणी

डहाणू, २६ नोव्हेंबर, बुधवार

अमृतदादा,

तू फोन उचलत नाहीस. सतरा वेळा केला, म्हणून कागदावर लिहिते आहे. दक्षावहिनी भाताच्या झोडणीसाठी कैनाडला आईकडे आली आहे. उद्या ती झाईला परत येईल तेव्हा हे पत्र तिच्याकडे असेल.

भांडण उकरायला लिहीत नाही. काही गोष्टी विचारायच्या आहेत, त्या तुझ्याशिवाय कोणाला माहीत असतील असं वाटत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. तू खाडीच्या तोंडाशी भरतीच्या खांबावर होतास. पाणी पट्टीवर कुठल्या आकड्याला टेकलं आहे ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं, हे तुझं काम. धक्क्यावरचं यंत्र १ तारखेपासून बंद होतं, त्यामुळे त्या दिवसांत भरतीची नोंद म्हणजे फक्त तुझी वही. त्या वहीत सकाळी ७.१० ते ९.४० रकाने रिकामे आहेत. सोळा नोंदी नाहीत.

ते रकाने पाहून मी ‘वाचक जागेवर नव्हता’ असा अहवाल लिहिला. दिसलं ते लिहिलं. मी विचारल्यावर तू ‘चहाला गेलो होतो’ म्हणालास. अडीच तास चहा कोणी पीत नाही, असं मी म्हणाले आणि ते चौघांसमोर म्हणाले. तू टोपी टेबलावर ठेवलीस आणि त्या चौघांना सांगितलंस, ‘ही माझी बहीण नाय, साहेब हाय.’ तो विषय वेगळा आहे. आत्ता तो नको.

आत्ता एवढंच सांग: त्या अडीच तासांत खांबाला काही झालं होतं का? बोट घासली, दोर अडकला, खांब कलला, काहीही. झालं असेल तर परत सरळ कोणी केला आणि कसा?

का विचारते ते सांगते. बंदराच्या वाटेत एक उंचवटा आहे. सगळ्या मार्गात तिथेच पाणी सर्वांत कमी. ६ तारखेला आम्ही तो एकदा मोजला आणि १०-११ तारखेला पुन्हा, पक्का. या पाच दिवसांत तिथला तळ वीस-बावीस सेंटिमीटर खाली गेलेला दिसतो. माझे वरिष्ठ सुनिल सर म्हणतात, मधल्या दिवसांत गाळ उपसणारं जहाज तिथे फिरलं होतं, त्याने तळ उतरला. असू शकतं. पण उपसा झाला की तळावर ओरखडे राहतात, कुठे जास्त, कुठे कमी. इथे तळ सगळीकडून सारखाच उतरला आहे. जणू कोणीतरी तो अख्खा उचलून एक वीत खाली ठेवला.

भरतीचा खांब जर पूर्वीपेक्षा वर बसला असेल तर नेमकं असंच दिसेल.

खांबाची पातळी दर शनिवारी तपासायची असते. ८ तारखेच्या तपासणीची नोंद फाइलमध्ये आहे, फरक शून्य. त्यामुळे मी म्हणते तसं काही झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. तरी उत्तर हवं आहे. ४ डिसेंबरला पहिलं मोठं जहाज येणार आहे. खांब आता जागेवर नाही, १४ तारखेला काढून टाकला, म्हणून बघून कळणार नाही.

या कागदाच्या मागे लिहिलंस तरी चालेल.

रोशनी धोडी
कनिष्ठ सर्वेक्षण अभियंता

(सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही.)


डहाणू, २८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

उत्तर नाही आलं. वहिनीचा निरोप तुमच्या शेजारच्या जमनाकडून मिळाला, की तू पत्र दोनदा वाचलंस आणि चुलीवरच्या फळीवर ठेवलंस. म्हणजे वाचलंस. हे पत्रही जमनाच झाईच्या गाडीने आणते आहे.

काल संध्याकाळी मी नरपडला गेले. पांड्याकाकांची बोट त्या खाडीतूनच जाते, म्हणून. ते जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “आली बंदराची बाय. आता आमचं पाणी पण मोजून घेऊन जाशील काय?”

“पाणी इथेच ठेवते,” मी म्हटलं. “खांब पडला होता का, एवढं सांगा.”

“कोणता खांब? तुमचे खांब तर जिथं बघावं तिथं.”

“माझा भाऊ जिथे बसायचा तो.”

मग त्यांनी जाळं खाली ठेवलं. “भाऊ म्हणतेस अजून त्याला?”

त्यांची सून पाणी घेऊन आली, ते मी प्यायले. काका माझ्या बुटांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “सांगितलं तर काय करशील? बोट कोणाची, नंबर लिही, सही कर, दंड भर. तुझा भाऊ बोलला, काका, तुम्ही घरी जा, मी बघतो. मी गेलो. दुपारी येऊन बघतो तर खांब माझ्या घराच्या मेढीपेक्षा भक्कम उभा. ढकलून बघितला मी, हलला नाय. तसा माणूस तुम्ही काढून टाकला.”

म्हणजे खांब पडला होता. काकांच्या बोटीने पाडला. तू त्यांना वाचवायला चहाची गोष्ट सांगितलीस. हे मला आता माहीत आहे. त्यांचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

पण खांब किती वर बसला हे काकांना सांगता येत नाही. ते तूच सांगू शकतोस.

एक वीत म्हणजे काय मोठंसं, असं तुला वाटत असेल. आकडे देते. जहाज खत घेऊन येतं आहे आणि पाण्यात तेरा मीटर बुडतं. आमच्या मोजणीप्रमाणे उंचवट्यावर शून्य पातळीखाली ९.६ मीटर पाणी. पौर्णिमेच्या उधाणाची भरती त्यावर ४.९ मीटर. म्हणजे साडेचौदा. जहाजाच्या पोटाखाली दीड मीटर उरतं. जहाज चालायला लागलं की आणखी खाली बसतं, लाटेने वरखाली होतं, त्यात सव्वा मीटरच्या आसपास जातो. उरले पंचवीस-तीस सेंटिमीटर. त्यातून बावीस काढ.

त्याच खांबावरून ४ तारखेची भरती वाचली असती तर काही झालं नसतं. भरतीही तेवढीच कमी वाचली गेली असती, जहाज थांबलं असतं, चूक चुकीला खाऊन गेली असती. पण आता धक्क्यावरचं यंत्र दुरुस्त झालं आहे आणि ते बरोबर दाखवतं. मी स्वतः दोनदा तपासलं. खोली चुकीच्या खांबावरून आणि भरती बरोबर यंत्रावरून, अशी ही गाठ पडली आहे.

जहाज मधोमध टेकलं आणि ओहोटी लागली तर सहा तासांत खालून पाच मीटर पाणी निघून जाईल. पन्नास हजार टनांचं जहाज एका उंचवट्यावर अधांतरी. आत एकवीस माणसं आणि टाक्यांत जहाजाचं तेल. वारा वायव्येचा असेल तर ते तेल कुठे येईल ते तुला नकाशा न बघता सांगता येईल. नरपडला येईल.

सुनिल सरांना आज सकाळी सांगितलं, की खांब पडला होता असं एक माणूस म्हणतो. त्यांनी विचारलं, “लेखी आहे?” मी नाही म्हटलं. “मग शनिवारची तपासणी काय म्हणते?” मी म्हटलं, शून्य. “झालं तर,” ते म्हणाले आणि जहाजं ओढणाऱ्या टगवाल्यांचा फोन घेतला.

शनिवारच्या तपासणीबद्दल नंतर लिहीन. आधी तू खांबाचं सांग.

रोशनी


कैनाड, ३० नोव्हेंबर, रविवार

दादा,

वहिनी आली. माझं पहिलं पत्र तिने परत दिलं. मागे पेन्सिलने एक ओळ होती: ‘शनिवारी तू कुठं होतीस?’

बाकी काही नाही. सहीसुद्धा नाही.

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि आईबरोबर खळ्यावर पेंढा आवरायला गेले. आईने विचारलं, काय लिहिलंय त्यानं? मी म्हटलं, बरा आहे म्हणतो. आईला वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. ती म्हणाली, “दोघं एका पोटची, दोघं मुकी.” आणि पेंढ्याचा पुढचा भारा उचलला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी ऑफिसात होते.

८ तारखेच्या तपासणीवरची सही माझी आहे. मी खांबाजवळ गेले नव्हते. सोमवारी खांब बसवला तेव्हा मीच दुर्बीण रोखून लेव्हल लावली होती, पाच दिवसांत काय बदलणार, असा विचार केला आणि शून्य लिहून सही केली. वेळ लिहिली सकाळी ८.३०. ही वेळसुद्धा मी ठरवून लिहिली, कारण तेव्हा ओहोटी असते आणि कोणी विचारलं तर ती पटेल.

ऑफिसात मी बंदराची पुस्तिका करत होते. पुढच्या गुरुवारी जहाज कंपन्यांचे एजंट येणार होते. बंदरात कोणत्या सोयी आहेत, कोणती सेवा मिळते, हे त्यात छापायचं होतं. दोन टग, पायलटची बोट, जहाजाचे दोर बांधणारी टोळी चोवीस तास हजर, तासाला पन्नास टन गोडं पाणी, थंड कंटेनरसाठी विजेचे एकशेवीस जोड, वजनकाटा, अग्निशमन, दवाखाना, खलाशांसाठी विश्रांतीची खोली. सुनिल सर म्हणाले होते, रोशनी, तुझ्याइतकं नेमकं कोणी लिहीत नाही. ते मला आवडलं. सगळ्यांत वरची ओळ मोजणीनंतर भरायची म्हणून मोकळी ठेवली होती: मार्गाची खोली. मंगळवारी तिथे ९.६ घातले आणि पुस्तिका छापायला गेली. तीच वाचून हे जहाज तेरा मीटर भरून निघालं आहे.

आता वहिनीने जे सांगितलं ते. तू तिला सांगू नको म्हणाला होतास. ती म्हणाली, “नको बोललाय, पण मी सांगते. माझी कुठं नोकरी हाय, जायला?”

तिने सांगितलं की तू पडलेला खांब तसाच चिखलात रोवला नाहीस. जुना खड्डा होता तेवढाच साफ केलास, इंचभर जास्त नाही. मग टेकडीकडच्या बांधावरून एक चपटा दगड खांद्यावर आणलास आणि तळाशी बसवलास. त्यावर खांब उभा केला. घराची मेढ पुरताना आपल्याकडे ठेवतात तसा. बाबांनी तुला शिकवलं तसा. खाली दगड नसेल तर मेढ रुतते आणि घर एका बाजूला बसतं. खाडीचा चिखल बघून तुला तेच वाटलं, की या लोकांनी मेढ नुसतीच मातीत खुपसली आहे.

अडीच तास तू ते करत होतास.

मी वहिनीला विचारलं, दगड जाड किती? तिने वीत दाखवली. मी पट्टीने तिची वीत मोजली. एकवीस.

मग ती म्हणाली, “शनिवारी तो लग्नातला सदरा घालून गेला होता. मी हसले त्याला. तर बोलतो, रोशनी येणार हाय लेव्हल घेऊन, तिला दाखवतो खांब कसा बसवायचा असतो. दोन वाजेपर्यंत उपाशी बसला.”

सोमवारी मी तुला म्हटलं होतं, शनिवारी येईन. मला आठवतं.

या पत्राला उत्तर मागत नाही. उद्या सरांना सांगते.

रोशनी


डहाणू, २ डिसेंबर, मंगळवार, दुपार

दादा,

हे पत्र जमना अडीचच्या गाडीने आणते आहे. मिळालं की लगेच वाच.

काल सरांना सगळं सांगितलं. दगड, खड्डा, माझी खोटी सही. त्यांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “तू म्हणतेस ८ तारखेला तू खोटं लिहिलंस.”

“हो.”

“आणि आज खरं बोलतेस.”

“हो.”

“मी कशावर विश्वास ठेवू? तुझ्या सहीवर की तुझ्या तोंडावर? तुझ्या भावाला तू काढलंस, आता घरी सगळे तोंड फिरवतात, म्हणून हे चाललंय असं कोणी म्हटलं तर तू काय सांगशील?”

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी पुन्हा मोजणी करू म्हटलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, मोजणीची बोट मागायची तर कारण लिहावं लागेल, आणि जहाज निघून आठ दिवस झाले, परवा ते बाहेर उभं असेल. “उपशाने तळ उतरलाय, रोशनी. तू दमली आहेस. दोन दिवस घरी जा.”

ते वाईट नाहीत. त्यांना तळ उतरलेलाच हवा आहे, इतकंच. मलाही ८ तारखेला शून्यच हवं होतं.

मी घरी गेले नाही. आज सकाळी बंदराच्या मुख्य पायलटच्या खोलीत गेले. जहाज आत आणण्याचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. पासष्टीचे गृहस्थ आहेत, ऐकायला थोडं कमी येतं. मी दीड पानं लिहून नेली होती. त्यांनी ती उभ्याने वाचली. मग विचारलं, “दगड अजून तिथे आहे?”

मी म्हटलं, खांब वर ओढून काढला, दगड खालीच राहिला असणार. आता त्यावर गाळ बसला असेल.

“दाखव मला,” ते म्हणाले. “हात लावता येईल असं काही दाखव, मी जहाज थांबवतो. नुसत्या कागदावर नाही थांबवता येत. दोन्ही कागद तुझेच आहेत.”

उद्या सकाळी पावणेसहाला पूर्ण ओहोटी आहे. ते येणार आहेत. सुनिल सरांनाही त्यांनी बोलावलं आहे. माझ्याकडे खांबाच्या जागेचे आकडे आहेत, पण चिखलात त्या आकड्यांवर उभं राहून मी वीतभर दगड शोधू शकेन अशी खात्री नाही. पाणी तासाभरात परत चढतं. परवा सकाळी पुन्हा ओहोटी मिळेल, पण तोवर जहाज आत येण्याच्या तयारीत असेल.

तुला जागा माहीत आहे. तू ये.

मी तुला माफ कर म्हणत नाही, त्याला आता वेळ नाही. माझ्याशी बोलू नकोस, सरांशी बोलू नकोस, नुसती जागा दाखव आणि जा. पहाटेची गाडी नाही. पांड्याकाकांशी बोलले आहे, त्यांचा पुतण्या मोटरसायकल घेऊन झाईला येईल. तुला यायचं नसेल तर त्याला रिकामा परत पाठव, म्हणजे मी वाट बघत न बसता एकटी खणायला सुरुवात करीन.

रोशनी


डहाणू, ६ डिसेंबर, शनिवार

दादा,

हे पत्र मी पोस्टाने किंवा जमनाकडून पाठवत नाही. संध्याकाळी स्वतः झाईला येऊन वहिनीच्या हातात देणार आहे. तू बागेत कामावर असशील, ती वेळ बघूनच येईन. तोंडावर मला हे सांगता येणार नाही.

जे झालं ते तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण पुढे त्याची गरज आहे.

बुधवारी तू पाच वाजताच आला होतास. मी पोचले तेव्हा तू गुडघाभर पाण्यात होतास आणि जागा पायाने चाचपत होतास. माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या हातातलं जागा दाखवणारं यंत्र बघून म्हणालास, “ते पेटीत ठेव, भिजंल.” पावणेसहाला तुझी पहार दगडावर वाजली. पायलटसाहेब पँट दुमडून चिखलात उतरले आणि त्यांनी हात खाली घालून दगड स्वतः चाचपला. मी जाडी मोजली. एकवीस पूर्णांक पाच. सुनिल सर बांधावरच उभे होते. पायलटसाहेबांनी तिथूनच फोन केला आणि जहाज थांबवलं. गुरुवारी मोजणी झाली. उंचवट्यावर पाणी ९.३८ निघालं. जहाज आता बाहेर नांगरून उभं आहे, थोडा माल होड्यांत उतरवून अमावस्येच्या उधाणाला येईल. कोणाला काही झालं नाही.

पण तेवढंच नाही.

दगड निघाल्यावर सुनिल सर खाली आले आणि त्यांनी तुला विचारलं, “शनिवारी ही तपासणीला आली होती का?” मी तुझ्यापासून तीन हातांवर होते. तू पहार धूत होतास. म्हणालास, “आली होती. लेव्हल लावली. पट्टी मीच धरली होती. मी मुद्दाम वर उचलून धरली, तिला शून्य दिसावं म्हणून. दगड लपवायचा होता मना.”

सरांनी विचारलं, “का?”

“नोकरी जाईल म्हणून.”

सोमवारी खांब बसवताना लेव्हलने बघायची पट्टी बांधावरच्या खुणेवर तूच धरली होतीस आणि मी तुला सांगितलं होतं, पट्टी जमिनीला टेकलेली हवी, बोटभर उचललीस तरी आकडा बदलतो. तेव्हा तू जांभई देत होतास. मला वाटलं होतं, ऐकत नाहीस.

तुझं खोटं इतकं नेमकं होतं की त्यात सगळं बसत होतं. माझी सही, शून्य, वेळ, सगळं. सरांचा चेहरा सैल झाला. “म्हणजे मुद्दाम केलंय,” ते म्हणाले आणि त्यांनी फोनमध्ये ते टिपून घेतलं.

मी गप्प राहिले.

किती वेळ, तेही सांगते. तू बोललास तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. पाणी चढायला लागलं म्हणून आम्ही बांधावर आलो तेव्हा सहा वाजून एकोणतीस. सतरा मिनिटं. त्यात मी ‘नाही’ एवढा एक शब्द म्हणू शकले असते. मी टेप पुसून पेटीत ठेवली. तू मोटरसायकलवर मागे बसलास आणि गेलास. मग बुधवारचा दिवस गेला, गुरुवारी मोजणीच्या बोटीवर गेला. कोणी मला काही विचारलं नाही. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला झोप लागली, दादा. शांत लागली. हे तुला कळायला हवं.

काल दुपारी मला टिपण दाखवलं. सोमवारी चौकशी आहे. त्यात लिहिलं आहे की कंत्राटी वाचकाने हेतुपुरस्सर चुकीची पट्टी धरून बंदराच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केला, सबब पोलिसांत तक्रार द्यावी. तुझं पूर्ण नाव आहे, बाबांचं नाव आहे, गाव कैनाड. माझ्याबद्दल एक ओळ: ‘चूक कनिष्ठ अभियंत्याच्या दक्षतेमुळे वेळीच लक्षात आली.’

सरांनी विचारलं, “बरोबर आहे ना? वाचून सही कर.”

मी सही केली नाही. आज सकाळी मी माझा जबाब लिहून पायलटसाहेबांना आणि वरच्या ऑफिसात दिला. पोच घेतली. त्यात आहे की ८ तारखेला मी खांबाजवळ गेले नव्हते, पट्टी कोणीच धरली नव्हती, नोंद मी टेबलावर बसून लिहिली. हेही आहे की बुधवारी तू माझ्यासमोर वेगळं सांगितलंस आणि मी ते सतरा मिनिटं आणि दोन दिवस तसंच राहू दिलं. ७ तारखेला तू गैरहजर नव्हतास, खांब उभा करत होतास, म्हणून माझा पहिला अहवालही मी मागे घेतला आहे. बोटीचं नाव विचारलं तर मला माहीत नाही असं म्हणणार नाही. सांगणार नाही, असं म्हणेन.

माझं काय होईल ते ठरलेलं आहे. खोटी तपासणी लिहिणाऱ्याच्या हाती पुन्हा लेव्हल देत नाहीत. द्यायलाही नको. आईला मी काल सांगितलं. तिने विचारलं, मग आता काय करशील? मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, खळं अजून आवरायचं आहे.

सोमवारी अकराला तुला बोलावतील. गाडी पाठवतील, तिच्यातूनच ये. माझा जबाब तुझ्यासमोर ठेवतील आणि विचारतील, दोघांपैकी खोटं कोण बोलतं. सुनिल सर तुला समजावतील की तुझं बोलणं टिकलं तर बहिणीची नोकरी राहील, आणि तुझ्यावरची तक्रार मिटवून घेऊ. ते मिटवतीलही कदाचित. तुला ते पटेल, म्हणून मी आधीच लिहिते आहे.

पट्टी तू उचलली नव्हतीस. तुझ्या नावावर ‘मुद्दाम’ हा शब्द राहायला नको. तू जे काही केलंस ते खांब रुतू नये म्हणून केलंस. मी आले असते तर पाच मिनिटांत ते मोजून, वहीत लिहून, मोकळी झाले असते आणि तुझा खांब सगळ्या किनाऱ्यावर सर्वांत भक्कम म्हणून तसाच राहिला असता.

तिथे मीही असेन. तू माझ्याकडे बघू नकोस, बुधवारी बघितलं नाहीस तसंच. ते विचारतील, शनिवारी ती आली होती का?

नाही आली, असं सांग. दोन वाजेपर्यंत वाट बघितली, नाही आली.

रोशनी